निळंशार धामणगाव

अख्ख्या धामणगाव बढ्याला आतून ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या हायस्कूलचे मोठे सर. बाहेरून काय, गाव गावाला ओळखतच असतं. कोणाचं वावर कुठे, कोणाचा बैल मारका, कोणाची सून कशावरून रुसून माहेरी गेली, हे सांगायला शाळा शिकावी लागत नाही. सरांना मात्र गावाच्या पोटातलं ठाऊक असे, रक्तातलं ठाऊक असे, आणि त्याच्याही खाली, जिथे आमच्यासारख्यांची नजर पोचत नाही तिथलं, म्हणजे पेशीतलंही ठाऊक असे. निदान त्यांना तसं वाटे, आणि पुष्कळ दिवस आम्हालाही वाटे. दुसरा माणूस वाटेत भेटला की 'जेवले का' म्हणतो. सर म्हणत, "काय जेवले? किती जेवले? आन् सकाळची पहिली ठेवली का बाटलीत?" नवखा पाहुणा या तिसऱ्या प्रश्नाने गडबडून इकडेतिकडे पाही. धामणगावचा माणूस मात्र पिशवीत हात घाली, मेथीच्या जुड्या बाजूला सारी, कागदाचा बोळा लावलेली बाटली काढी आणि 'रामराम' करावा इतक्या सहज ती त्यांच्या हातात ठेवी.

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची ही गोष्ट. हायस्कूलही पाचसात वर्षांचं, म्हणजे नवंच होतं, त्यावरचे पत्रे नवे होते, आणि बी.ए. होऊन आलेला मीही नवाच होतो. सर जीवशास्त्र शिकवत, मी मराठी आणि भूगोल. गावाने त्यांना मोठे सर आणि मला लहान सर करून टाकलं होतं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आईवडील वांगी, मेथी, मिरच्या पिकवत आणि बाजाराच्या दिवशी विकायला बसत. मी मॅट्रिक झालो त्या आठवड्यात सर भाजी घ्यायला आले आणि एक वांगं उलटंसुलटं करून पाहत वडिलांना म्हणाले, "याच्या डोक्यातल्या पेशी चांगल्या हायत. वांग्याच्या वाफ्यात त्याइचं काय काम?" वडिलांना पेशी म्हणजे काय ते कळलं नाही, पण मास्तर बिमारी सांगत नाहीत, काहीतरी चांगलं सांगताहेत, एवढं कळलं. फॉर्म सरांनीच भरला. स्वतःची पत्र्याची पेटी दिली, मलकापूरला येऊन मला गाडीत बसवलं, आणि खिडकीशी उभं राहून शेवटचा उपदेश केला तो असा : "अभ्यास त करशीनच. पण खानावळीत बटाटा किती देतेत थे मले पत्रात लिहिजो." कॉलेज संपेपर्यंत मी इमानाने लिहीत होतो. माझ्या पत्रांतला तो सगळा बटाटा त्यांनी एका वहीत तारीखवार मांडून ठेवला होता, हे मला पुढे त्यांचा सहकारी झाल्यावर दिसलं. माझ्या पदवीची आठवण म्हणून माझ्याकडे विद्यापीठाचा कागद आहे. सरांकडे बटाट्यांचा तक्ता होता.

सरांचं सगळं वेड एका गोष्टीवर उभं होतं. माणूस आजारी पडतो तो पोटात नाही की हातापायांत नाही, तो आधी त्याच्या पेशीत आजारी पडतो, असं ते म्हणत. त्यातही साखरेच्या बिमारीवर त्यांचा विशेष जीव. ती समजावून सांगताना ते पुस्तक मिटून ठेवीत आणि थेट कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, शिरत. "हे पाहा, पेशी म्हणजे एक जिन हाय. फाटकावर कापसाच्या गाड्या येऊन राह्यल्या. साखर म्हणजे तो कापूस. फाटक उघडाले एक चौकीदार हाय. थो म्हणजे आपल्या पोटात सुटणारा एक रस. आता चौकीदार कामावर आलाच नाही, नाही त आला आन् कुलूपच गंजेल हाय. मंग काय होईन?" वर्ग एका सुरात ओरडे, "गाड्या तुंबतीन!" सर टेबलावर हात आपटत. "हाव! रस्त्यावर कापूसच कापूस, आन् आत जिन उपाशी! हेच बिमारी. अंगात साखर ढिगानं, आन् पेशी उपाशी मरून राह्यली!" हे ऐकून घरी गेलेल्या मुली जेवताना आजोबांना विचारत, "आबा, तुमचं फाटक उघडते का?" आणि आबांना या प्रश्नाचा राग यावा की काळजी वाटावी हे ठरवता येत नसे.

शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, आणि तो शाळेचा आहे हे सरांखेरीज सगळ्यांच्या लक्षात होतं. तो त्यांच्या ओसरीवर असे. कोणी कशाही कामाने घरी आलं की सर आधी काडीने त्याच्या गालाच्या आतून जरासं खरवडून घेत, ते काचेवर पसरत, वर शाईचा थेंब टाकत आणि "या, सोतःले भेटा" म्हणून त्याला डोळा लावायला लावत. सरपंचांनी डोळा लावला आणि ते नाराज झाले. "एवढूसाच?" ते म्हणाले. गावातला कोणीही त्यांच्याइतकाच एवढूसा निघतो हे सरांनी त्यांना चार जणांचे गाल खरवडून दाखवलं, तेव्हा ते जास्तच नाराज झाले. माझी आई वांगी द्यायला गेली तेव्हा तिलाही सरांनी तिची स्वतःची पेशी दाखवली. तिने पुष्कळ वेळ डोळा काढला नाही. मग हळूच म्हणाली, "कशी निजली हाय व बाई. उठवू नोका तिले." सर हे वाक्य पुढे दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगत आणि म्हणत की पेशीबद्दल इतकं मायेने बोललेलं त्यांनी कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

लग्नकार्यात सर गेले की बुंदीकडे न पाहता बुंदी खाणाऱ्यांकडे पाहत. खिशात शिंप्याची टेप असे. एका लग्नात व्याह्यांच्या भेटी चालल्या होत्या, हार घातले जात होते, आणि मुलाच्या बापाचं पोट पाहून सरांना राहवेना. हार पडल्यापडल्या ते पुढे झाले आणि त्यांनी व्याह्यांच्या कमरेला टेप गुंडाळली. व्याही जालन्याकडचे. त्यांना वाटलं, धामणगावकडे ही रीतच असेल. ते हात वर करून शांत उभे राहिले. मग मुलाचे काका पुढे आले, मामा आले, मोठ्या जावयाचं माप राहिलं म्हणून तो रुसला, त्याला मंडपातून परत आणून त्याचंही माप घ्यावं लागलं. सरांनी अकरा पोटं वहीत टिपली. आमची माणसं पुढे मुलीला आणायला तिकडे गेली, तेव्हा त्या गावातल्या एका म्हाताऱ्याने टेप घेऊन आमच्या माणसांना ओसरीवरच अडवलं म्हणतात. रीत ती रीत.

बाटल्यांचं काम मात्र याहून गंभीर होतं. खताच्या दुकानातला मोरचूद, धुण्याचा सोडा आणि लिंबूसत यांपासून सर घरीच एक निळं द्रावण तयार करत. परीक्षानळीत ते घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवट झालं तर जराशी, पिवळं झालं तर अधिक, आणि विटेसारखं लाल झालं तर फाटकावर गाड्याच गाड्या. दर बाजाराच्या दिवशी सकाळी सरांच्या ओट्यावर घरोघरच्या बाटल्या जमत. काही बाटल्या औषधाच्या, काही सरबताच्या. आता वाचकांच्या मनात जी शंका आली आहे ती आमच्याही मनात होती, पण तसं कधीही घडलं नाही. याचं श्रेय काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला. त्यांनी पहिल्याच महिन्यात बाटल्यांसाठी ओट्यावर वेगळी फळी ठोकून घेतली आणि पाहुण्यांना चहाशिवाय काहीही द्यायचं कायमचं बंद केलं.

निळा रंग राहिला की सरांना जो आनंद होई तो पाहण्यासारखा असे. बाटलीवाल्याच्या पाठीवर थाप मारत, "निळंशार! निळंशार!" करत ते त्याला चहा पाजत आणि रस्त्यापर्यंत सोडायला जात. जणू त्या माणसाने काही मोठी परीक्षा दिली होती. पण लाल रंग आला की सर पडत. खरोखर पडत. त्यांचा चेहरा इतका उतरे की ज्याचा आजार होता त्यालाच त्यांना धीर द्यावा लागे. जेवण बंद, बोलणं बंद.

गावातल्या शिंप्याची बाटली लाल निघाली तेव्हाची गोष्ट. सर दोन दिवस जेवले नाहीत, आणि शाळा सुटली की शिंप्याच्या दुकानासमोर जाऊन नुसते उभे राहू लागले. हात मागे बांधलेले, डोळे भरलेले. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मशीनवर बसलेल्या शिंप्याकडे पाहिलं आणि जो काय तो अर्थ लावला. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं आपापलं न शिवलेलं कापड परत मागायला आली. तिसऱ्या दिवशी शिंपी उठून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, मी जित्ता हाय न अजून! पथ्य सांगा, पथ्य करतो. गोळी सांगा, गोळी खातो. पण तुमी इथून हाला बाप्पा. तुमचं तोंड पाहून लोक धंदा बसवून राह्यले माहा."

सर घरी गेले, पण जेवले चौथ्या दिवशी.

या प्रकारानंतर वर्षभरात एक चमत्कार झाला. धामणगाव निळं होऊ लागलं. शिंप्याची बाटली निळी आली. तेल्याची हिरवट होती ती निळी झाली. किराणावाल्याचं पोट टेपमध्ये मावत नव्हतं, तोही निळाशार निघाला. सर आधी चक्रावले, मग विचारात पडले, मग एके दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत माझा दंड धरून म्हणाले, "ज्वारी! दुसरं काही नाही. ज्वारीची भाकर आन् अंबाडीची भाजी. ह्या गावाच्या पेशीचं फाटक ज्वारी उघडून राह्यली." त्यांनी लेख लिहायला घेतला. त्यांचं अक्षर त्यांनाही लागत नसे, म्हणून पक्की प्रत मी करायची असं ठरलं. बी.ए. झाल्याचं मला त्या दिवसांत खरं सार्थक वाटलं. ज्यांनी माझा फॉर्म भरला त्यांचा लेख मी सुवाच्य अक्षरात उतरवत होतो.

लेख नागपूरला डॉक्टरांच्या एका मंडळाकडे गेला आणि तिकडून चक्क पत्र आलं, की पुढल्या महिन्यातल्या सभेत येऊन दहा मिनिटं वाचावा. सरांनी ते पत्र किती जणांना दाखवलं हे सांगणं कठीण आहे, कारण शेवटी शेवटी ते घडीवर फाटलं. तरुणपणी त्यांना प्रयोगशाळेतच आयुष्य काढायचं होतं. वडील गेले, धाकट्या बहिणींची लग्नं राहिली होती, आणि बी.एस्सी. होऊन ते गावी परतले ते कायमचे. "दहा मिनिट पुरतीन," ते मला म्हणाले. "मले कितीक बोलाचं हाय?" नागपूरसाठी कोट हवा होता. शिंपी म्हणाला, कोट मी शिवतो, आणि माप घ्यायला आपली टेप सरांच्याच खिशातून काढून घेतली.

हिवाळा होता, कापूस घरात येत होता, आणि त्याच दिवसांत काकूंच्या पायाला बाभळीचा काटा लागला होता. जखम साधी. पण महिना झाला तरी ती भरेना, अंगठा काळसर दिसू लागला. काकू थंडीच्या दिवसातही तांब्यावर तांब्या पाणी पीत. मी एकदा सरांजवळ विषय काढला. ते म्हणाले, "मीही घाबरलोच होतो. पण तिची बाटली दर बाजाराले पाह्यतो न. निळीशार. साखर नाही, भरून येईन जखम." आणि पुन्हा लेखाकडे वळले. मीही निर्धास्त झालो. निळ्या रंगावर आमचा विश्वास होता.

मग तो पिवळा बाजार आला. त्या दिवशी सकाळी ओट्यावर आलेल्या निम्म्याहून अधिक बाटल्या झेंडूच्या फुलासारख्या पिवळ्याधमक होत्या. उकळण्याच्या आधीच. साखर कशातच नव्हती, पण रंग असा की सर हरखून गेले. "विहिरीचं पाणी!" म्हणून ते विहिरीकडे पळाले, तिथून आल्यावर म्हणाले, "नाही, असा रंग तोंड आल्यावर देतेत त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्याइनं येते. डॉक्टरानं गावभर वाटल्या का काय? विचारून ये बरं." मी दवाखान्यात गेलो. कंपाउंडरने वही पाहून सांगितलं, "त्या गोळ्या ह्या पंधरवड्यात एकाच माणसाले देल्ल्या. किसन गवळ्याले. तोंड आलं होतं त्याचं."

एका माणसाने गोळ्या खाल्ल्या आणि बारा घरांच्या बाटल्या पिवळ्या झाल्या. मी भूगोलाचा माणूस, पण एवढं मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवळ्याच्या गोठ्यात गेलो. किसन म्हशीखाली बसला होता. मी म्हणालो, "किसनभाऊ, एक विचारायचं आहे. रागावू नका."

"दुधात पाणी घातलं का, हेच न? घातलं. म्हशीनं कमी देल्लं."

"दुधाचं नाही. बाटल्यांचं."

धारांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "कोन सांगतलं?"

"तुमच्या गोळ्यांनी."

"हात्तेरी!" किसन म्हणाला. "आता पाहा सर. शिंपी म्हणे, किसन, तुही निळी निघते, मले देत जाशीन का. माणूस तोंडानं मागते, नाही कसं म्हणाव? मंग तेली आला, मंग किराणावाला आला. मी त आता बाजाराच्या दिवशी पहाटेच दोन तांबे पाणी जास्त पेतो. घरोघर दूध घालाले जातोच, संगंसंगं थेही देऊन देतो."

"भांडी वेगळी असतात ना?" मी घाबरून विचारलं, कारण आमच्या घरीही दूध किसनचंच येई.

"काय बोलून राह्यले सर तुमी!" किसनला खरंच वाईट वाटलं. "दुधात पाणी घालीन मी. पण ह्या कामात भेसळ नाही. मास्तरचं काम हाय थे."

"पण लोक असं का करतात? सर काही रागावत नाहीत."

"रागावले असते त सोपं होतं," किसन म्हणाला. "लाल निघाल्यावर त्याइचं तोंड पाह्यलं का तुमी? वासरू मेलेल्या गाईवानी होते. उपाशी राह्यतेत. एवढा चांगला माणूस, आपल्या बाटलीपायी काऊन रडवाव त्याले? मास्तरीणबाईइचं सांगू का? त्याइची बाटली त सगळ्यात आंधी भरून देतो मी."

मी तिथून थेट सरांच्या घरी गेलो. सर घरी नव्हते. काकू अंगणात ज्वारी निवडत होत्या, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "किसन बोलला वाट्टे," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. "भाऊ, त्याइले नोको सांगू. शिंपी लाल निघाला तवा चौथ्या दिवशी जेवले. मी लाल निघाली त काय करतीन? नागपूरचं होऊ दे. दहा मिनिट बोलू दे त्याइले. जलमभर तेवढंच मागत आले थे."

"आणि पाय?"

"पायाचं पाहू मंग." असं म्हणून त्यांनी फडकं आवळून बांधलं. अंगठ्याचा रंग मला दिसू नये म्हणून.

मी तो सगळा दिवस वर्गात काय शिकवलं ते देव जाणे. एकीकडे सरांची दहा मिनिटं होती आणि दुसरीकडे काकूंचा अंगठा, आणि दोन्ही गोष्टी माझ्या हातात आल्या होत्या. माझ्यासाठी पेटी देणाऱ्या माणसाचं आयुष्यातलं एकुलतं एक आमंत्रण मी मोडावं? पण सभा होती महिना उलटल्यावर, आणि तो अंगठा महिनाभर थांबेल असं मला वाटेना. शेवटी रविवारी सकाळी मी गेलो.

सर ओसरीवर हात पसरून उभे होते. अंगावर कच्चा शिवलेला कोट, त्याला एकच बाही. शिंपी तोंडात टाचण्या धरून दुसरी बाही लावत होता. सर मला पाहून म्हणाले, "कसा दिसतो? नागपूरवाले आयकतीन का नाही?"

"सर," मी म्हणालो, "त्या पिवळ्या गोळ्या गावात एकालाच दिल्या होत्या. किसन गवळ्याला."

सर वेडे होते, पण मंद नव्हते. पसरलेले हात तसेच राहिले. नजर हळूहळू शिंप्याकडे वळली. "तुही?" शिंप्याने एक एक करून टाचण्या तोंडातून काढल्या. "माही त सगळ्यात पहिली, सर."

"काऊन बे?"

"तुमचं तोंड पाहावत नाही आमाले."

सरांनी पसरलेले हात खाली घेतले. मग त्यांनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "आन् आमच्या घरची?" शिंपी टाचण्या एकेक करून डबीत टाकू लागला. काकू दारात येऊन उभ्या होत्या. सरांनी दिवा पेटवला. काकू आत गेल्या आणि थोड्या वेळाने या खेपेला खरी स्वतःची बाटली घेऊन आल्या. एका बाहीच्या कोटात सरांनी आठ थेंब मोजले. नळी मी धरली. निळं. मग हिरवट. मग पिवळं. मग ते विटेसारखं लाल होऊन खाली बसू लागलं.

खरं सांगायचं तर नळीकडे आम्ही कोणी पाहतच नव्हतो. शिंपी, काकू आणि मी, तिघेही सरांच्या तोंडाकडे पाहत होतो. ते तोंड नेहमीसारखं पडायला लागलं. आणि तेवढ्यात सरांनी वर पाहिलं, आणि आपल्याकडे लागलेले तीन चेहरे त्यांना दिसले. गेलं वर्षभर अख्खं गाव काय पाहत होतं ते त्यांना तेव्हा दिसलं असावं. ते हसले. इतकं वाईट हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. गंजलेलं फाटक ढकलावं तसा आवाज. "सापडली!" ते ओरडले. "सापडली व! आता कुठं पळून जाते? सापडली म्हणजे अर्धी बरी झाली!" मग पाटावर बसले आणि म्हणाले, "ताट वाढ. दोन भाकरी." काकू पाहतच राहिल्या. सर जेवले. अंगठ्याकडे एकदा पाहून घेत आणि डोळे पुसत, पण दोन्ही भाकरी जेवले. मध्येच शिंप्याला म्हणाले, "भाजी तिखट झाली." भाजी लाल भोपळ्याची होती.

कोट दुसऱ्या दिवशी पुरा झाला आणि तो घालून सर काकूंना एस.टी.ने बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, पथ्य सुरू झालं, जखम रोज धुवून बांधायचं काम सरांनी घेतलं. होळीपर्यंत जखम भरली. अंगठा वाचला. नागपूरला पत्र मीच लिहिलं, सर सांगत होते. लेख मागे घेत आहोत, निरीक्षणात चूक झाली. "चूक काऊन झाली थे लिही," ते म्हणाले. मी थांबलो. ते थोडा वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर बोट फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "निरीक्षकाचा चेहरा." मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. नागपूरहून उत्तर आलं नाही. सरांनी वाटही पाहिली नाही, कारण त्यांना वेळ नव्हता. सगळ्या वह्या कोऱ्या धरून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली होती.

आता गावात खरे रंग निघू लागले. पुष्कळ हिरवे, काही पिवळे, आणि बरेच लाल. प्रत्येक लालला सर ते भयंकर हसणं हसत, "सापडली!" म्हणत, बिनसाखरेचा चहा पाजत आणि माणसाला रस्त्यापर्यंत सोडायला जात. शिंपी दुसऱ्यांदा लाल निघाला तेव्हा सर त्याच्या दुकानासमोर उभे राहून इतके हसले, की गिऱ्हाइकांना वाटलं दुकानात काही स्वस्त झालं. किसनने पहाटेचे जास्तीचे दोन तांबे पाणी पिणं सोडून दिलं. दुधातल्या पाण्याचं काही मी सांगू शकत नाही.

पुढे माझी बदली झाली, गाव सुटलं. काकू त्या काट्यानंतर पुष्कळ वर्षं होत्या, शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालत होत्या. त्यांच्यानंतर एकदा मी सरांना भेटायला गेलो. थकले होते. ओसरीवर सूक्ष्मदर्शक होताच, शाळेने तो मागणं कधीच सोडून दिलं होतं. त्यांनी माझं पोट पाहिलं आणि काही न बोलता एक रिकामी बाटली पुढे केली. मी आज्ञाधारकपणे ती घेऊन गेलो. दिव्यावर निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि नारिंगीवर येऊन थांबलं. सरांचे ओठ थरथरले. मग ते हसले, तसंच, तेवढंच वाईट. "सापडली बे," ते म्हणाले. "खानावळीतला बटाटा, दुसरं काय." आणि आत बघून, आत कोणी नव्हतं तरी सवयीने म्हणाले, "ताट वाढा याले."

आता सर नाहीत. माझी तपासणी यंत्रावर होते, बोटाला टोचतात आणि आकडा सांगतात, आणि आकडा सांगणारा मान वर करत नाही. त्याची काही चूक नाही, त्याच्यापुढे रांग असते. मी आकडा घेऊन घरी येतो, चपला काढतो आणि बायकोला मोठ्याने म्हणतो, "सापडली! ताट वाढ." तिला ठाऊक आहे मी कोणाची नक्कल करतो आहे. हसायचाही मी प्रयत्न करतो, पण सरांइतकं वाईट मला अजून जमलेलं नाही.